हलके आधी

माझे काका एकतीस वर्षं एका लांबट खोलीत बसून एकाच वायूतले दोन भाऊ वेगळे करत होते, आणि एकतीस वर्षांत ते पुरते वेगळे एकदाही झाले नव्हते.

वायू म्हणजे निऑन. दुकानांच्या पाट्यांवर लाल पेटतो तोच. त्याचे कण मुख्यतः दोन वजनांचे असतात, एक विसाचा आणि एक बाविसाचा. दहा कण घेतले तर नऊ हलके निघतात आणि एक जड. बाकी दोघांत डावंउजवं काही नाही. रंग तोच, स्वभाव तोच, आणि दोघंही कुणाशी बोलायला जात नाहीत. दूरच्या एका मोजमाप कार्यालयाला यांतल्या फक्त हलक्यांची एक कुपी हवी होती. त्यांच्याकडे एक दिवा होता, त्याच्या उजेडाने ते लांबी मोजत. दिव्यात जड कण असले की उजेड किंचित फिसकटतो आणि मग जगातल्या सगळ्या गोष्टी थोड्या कमीजास्त लांब होतात, असं काहीसं काकांनी मला समजावलं होतं. मी तेव्हा नवीन होतो. मी मान हलवली होती.

कार्यालयाला नव्व्याण्णव टक्के हलका वायू हवा होता. काकांची मजल शहाण्णवच्या पुढे कधी गेली नव्हती. एकदा नळी तडकली, एकदा वीज गेली, एकदा त्यांचं स्वतःचं लग्न मध्ये आलं. लग्नाचं काकू अजून ऐकवते. आता निवृत्तीला एकतीस दिवस उरले होते आणि वायूच्या एका फेरीला तीस लागतात. नव्व्याण्णवची एक कुपी डोळ्यांनी बघायची आणि मग घरी जायचं, एवढंच काकांना हवं होतं. बाकी आयुष्याकडून त्यांची काही मागणी नव्हती असं काकू म्हणायची, आणि ते कौतुकाने म्हणायची नाही.

आमचा विभाग म्हणजे चौसष्ट नळ्या, मी आणि काका. नळ्या पांढऱ्या, झिलई न दिलेल्या चिनी मातीच्या, प्रत्येक एका काचेच्या नळीच्या पोटात बसवलेली. मातीत बारीक बारीक भोकं असतात, डोळ्यांना न दिसणारी. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, सच्छिद्र म्हणजे काय. मी म्हटलं, आमच्या घरी गुपित सांगितल्यावर जे होतं ते. मला नोकरी मिळाली. काका मुलाखत घेणाऱ्यांत होते आणि त्यांनी हसू आल्याचं अजिबात दाखवलं नाही.

भोकं इतकी बारीक का, तर कणाला दुसऱ्या कणाशी धडकायची सवड मिळता कामा नये. त्याने एकट्याने भिंतीवर आपटावं. भोक मोठं ठेवलं की सगळे घोळक्याने गप्पा मारत बाहेर पडतात, आणि घोळक्यात हलकं कोण, जड कोण, हे कुणालाच कळत नाही. एकेकट्याला सोडलं की हलका चपळ पडतो, जास्त वेळा आपटतो, त्याला भोक जरा आधी सापडतं. जराच. म्हणून आरपार गेलेले पुढच्या नळीत ढकलायचे, उरलेले मागच्या नळीत, आणि पुन्हा सगळ्यांना भिंत दाखवायची. असं चौसष्ट वेळा. सगळं मिळून शेवटच्या नळीत बऱ्यापैकी हलके लोक गोळा होतात. यासाठी चौसष्ट पंप अखंड चालावे लागतात. वेगळं व्हायला तीस दिवस. पंप बंद पडले तर पुन्हा एकमेकांत मिसळायला सात-आठ मिनिटं. आमच्या घरातल्या भांडणांचं बरोबर उलटं आहे, असं मी एकदा म्हणालो. काका म्हणाले, तुझ्या आत्याला नळीत घालून बघायला हवं.

पंपांचा आवाज मोठा नव्हता. एकेक पंप आपल्या वेळेला 'हं' म्हणायचा. चौसष्ट जण आळीपाळीने हं म्हणतायत आणि गोष्ट कुणीच सांगत नाहीये, असं वाटायचं. दुपारी तीननंतर त्या खोलीत उभ्याउभ्या डुलकी लागायची. खिडकीतून आलेलं ऊन काचांवर चढून एका नळीवरून दुसरीवर सरकत जायचं, आणि मी त्याच्या मागे मागे वहीत आकडे लिहीत जायचो. चौसष्टाव्या नळीपाशी पोचेपर्यंत पहिलीपाशी काय लिहिलं होतं ते आठवायचं नाही. काका म्हणायचे की तसंच हवं, आठवणीने लिहिणारा माणूस चुकतो.

कामावर मी त्यांना साहेब म्हणायचं असं घरी ठरलं होतं. पण साहेब म्हटलं की ते दाराकडे बघायचे, कोण आलं म्हणून. मग मी पुन्हा काकांवर आलो.

आता दाराचं सांगायला हवं. खोलीतली ऊब एकसारखी राहावी म्हणून दारं दोन होती, एकामागे एक, आणि मध्ये कपाटाएवढी जागा. एका वेळी एकच माणूस मावायचा. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. इथवर ठीक आहे. पण एका वेळी एकच तर आधी कोण, हा प्रश्न काकांना पूर्वी कधीतरी पडला होता आणि त्यांनी तो वायूला विचारून सोडवला होता. दारावर पाटी होती, 'हलके आधी'. बाजूला गोदामातून आणलेला पार्सलचा जुना वजनकाटा. दोघं एकदम आले तर काट्यावर उभं राहायचं, हलक्याने आधी जायचं, जडाने थांबायचं. नवीन माणूस हसायचा. महिनाभराने तोही चढायचा. एकदा वरचे मोठे साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनाही चढवलं होतं. ते सगळ्यांत शेवटी आत गेले आणि पुन्हा आले नाहीत.

मला हा नियम सोयीचा होता. मी एकसष्ट किलो, काका एकाहत्तर. रोज मी आधी. वडीलधाऱ्या माणसाच्या आधी घुसायची सवय मला पगारासकट लागली.

शेवटची फेरी महिन्याच्या एक तारखेला सुरू झाली. दहाव्या दिवशी शेवटच्या नळीत त्र्याण्णव टक्के होते, विसाव्या दिवशी शहाण्णव. फेरी सुरू झाल्यापासून काकांचं जेवण कमी होत होतं, शहाण्णवला ते पुरतं सुटलं. ते डबा उघडायचे, त्याच्याकडे बघायचे आणि माझ्यापुढे सरकवायचे. घरी काकूला सांगायचं नाही अशी तंबी होती. काकूने विचारलं तर डबा रिकामा आहे ना, एवढंच बघायचं. तो रिकामा असायचा. त्यात मी कसूर केली नाही. माझा स्वतःचा डबा खाऊन मग काकांचा खायचो, आणि काकूला वाटायचं की यांना भूक लागते म्हणून ती एक बटाटा जास्त घालायची. तोही मीच खायचो. काका दिवसेंदिवस सदऱ्यात लहान होत गेले. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने एक नवं भोक पाडलं. मी मात्र खुर्चीतून उठताना आवाज करायला लागलो होतो. दोन नळ्यांमधला वायू सरकावा तसे आम्ही डब्यातून एकमेकांत सरकत होतो, आणि वजनकाट्यावर चढायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, कारण कोण हलकं ते दोघांनाही पाठ होतं.

सव्विसाव्या दिवशी आकडा अठ्ठ्याण्णवच्या वर गेला. काकांनी तो तीनदा वाचला. मग वही मिटून ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, पान पडताना बघत होतो, एकही पडलं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी आम्ही व्हरांड्यात जेवत होतो. म्हणजे मी जेवत होतो. अचानक कुठेतरी काहीतरी कमी झालं. काय ते पटकन समजेना. मग कळलं की हं थांबलं आहे.

वीज गेल्यावर करायचं एकच काम असतं. नळ्यांमधले चौसष्ट काचेचे खटके, म्हणजे तोट्या, हाताने बंद करायचे, म्हणजे प्रत्येक नळी आपापला वायू धरून बसते. एकाने पुढच्या, म्हणजे चौसष्टाव्या नळीच्या टोकाकडून सुरुवात करायची, दुसऱ्याने मागच्या, आणि मध्ये भेटायचं. पाच मिनिटांत होतं. आम्ही त्याचा सरावही केला होता.

आम्ही धावत दाराशी आलो आणि थांबलो.

मी सवयीने पुढे झालो. काका सवयीने मागे झाले. मग दोघांनाही एकदम काहीतरी वाटलं. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मी त्यांच्या पट्ट्याकडे. काका काट्यावर चढले. सहासष्ट. ते उतरले, मी चढलो. सहासष्ट.

"तुम्ही आधी," मी म्हटलं. "तुम्ही मोठे."

"मोठ्याचा नियम नाही इथे. हलक्याचा आहे."

"मग हलकं कोण?"

"तेच बघतोय."

काकांनी खिशातला चष्म्याचा डबा काढून खाली ठेवला. तो मोजायचा नाही म्हणाले, चष्मा हे काही शरीर नव्हे. मग मीही किल्ल्या काढल्या. पुन्हा चढलो. काटा दोघांनाही सहासष्टाच्या जरा अलीकडे दाखवत होता आणि थरथरत होता. काका वाकून, डोळे बारीक करून त्याच्या थांबण्याची वाट बघत होते. बाहेरचा माणूस म्हणेल, वेडे की काय. पण रोज चार वेळा, पाच वर्षं, मी त्या पाटीखालून गेलो होतो. काका तर तिच्या आधीपासून. पाय तिथे आपोआप थांबायचे. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की चुकीच्या माणसाने आधी पाऊल टाकलं तर आतलं सगळं बिघडेल. मी बूट काढायला वाकलो.

तेवढ्यात काचवाल्या मावशी आल्या. या शेजारच्या कामशाळेत काच फुंकून नळ्या आणि कुप्या करत. मावशी कुणाच्याच नव्हत्या, पण सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा. त्यांनी एक बूट हातात घेतलेला मी आणि काट्यावर वाकलेले काका बघितले.

"जळो मेलं तुमचं वजन," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या अठ्ठेचाळीस किलोच्या होत्या. नियमानेही त्याच आधी.

त्यांच्यामागे आम्ही कोण आधी गेलो ते मला आठवत नाही. मावशींनी पुढच्या टोकाकडून खटके बंद करत आणले होते. आम्ही मागच्या टोकाकडून धरले, पण तिकडे मुळातच साधा, न निवडलेला वायू होता. त्याला कोंडून काही हाती लागणार नव्हतं. मावशी आणि आम्ही मध्ये भेटलो तेव्हा घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

तासाभराने वीज आली. काकांनी एकेक नळी तपासली. मावशींनी वेळेत बंद केलेल्या पुढच्या एकोणीस नळ्यांत बरंच काही टिकलं होतं. त्यामागच्या पंचेचाळिसांत भाऊ पुन्हा भावाला भेटले होते. मला काका ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या वहीत, माझ्याच पेनाने, हिशेब केला. वाचलेल्या नळ्या धरून आणखी अकरा दिवस लागणार होते. काकांकडे चार होते.

"म्हणजे सात कमी पडले," ते म्हणाले, जसं कुणी दुधाबद्दल म्हणतं.

मग त्यांनी पाटी काढली, रुमालाने पुसली आणि पुन्हा होती तिथेच लावली. मला ते बघवलं नाही. संध्याकाळी मी घरी काकूला डब्याचं सगळं सांगून टाकलं. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाली, तरीच म्हटलं तू भिंतीसारखा का दिसतोस. आणि दुसऱ्या दिवसापासून डब्याबरोबर ती स्वतः यायला लागली. गेटवर उभी राहायची आणि काका समोर जेवून होईपर्यंत हलायची नाही.

महिनाअखेर काका निवृत्त झाले. भाषणं झाली. त्यांना सूटकेस मिळाली, जी कुठेच न जाणाऱ्या माणसाला देतात. त्यांचं ओळखपत्र घेऊन कोपरा कापला. मी त्या खोलीचा प्रमुख झालो, म्हणजे चौसष्ट नळ्यांचा, आणि माझ्या हाताखाली कुणीच नव्हतं.

पुढचे दिवस धुक्यासारखे गेले. मी दिवसभर आकडे लिहायचो आणि घरी आलो की काका ते विचारायचे. सांगितले की डोळे मिटून घ्यायचे आणि बोटांनी मांडीवर काहीतरी मोजायचे. पंपाशिवाय त्यांना झोप येईना. काकूने त्यांच्या उशाशी जुनं शिवणयंत्र आणून ठेवलं आणि पायाने हळूहळू चालवत बसली. असं तीन दुपारी. चौथ्या दुपारी त्याच यंत्रावर तिने त्यांचा सदरा आत घेतला.

रविवारी दुपारी मलाही झोप लागली आणि स्वप्न पडलं. सगळं गाव एका दिशेने चालत होतं. वाटेत पांढरी भिंत लागली. लोक तिच्यावर आपटायचे, हसायचे, कपडे झटकायचे आणि पुन्हा आपटायचे. आधी पोस्टमन आरपार गेला, मग शिंपी, मग आत्या, जी कुठल्याही दारातून आधीच जाते. पलीकडे पुन्हा भिंत. प्रत्येक भिंतीशी थोडे लोक मागे राहायचे. ते दुःखी वगैरे नव्हते. सावली बघून बसायचे, बूट सैल करायचे, चहा मागवायचे. मी नुसता सरकत होतो, मला वजनच नव्हतं. चाळीस भिंतींनंतर फारसं कुणी उरलं नाही. एक रिबनवाली मुलगी, शिंपी, आणि कुणाचीतरी सायकल, तिच्यावर कुणी नसलेली. आणि मग मागून काका आले. सूटकेस घेऊन. ते आपटायचे, सूटकेसवर बसायचे, श्वास घ्यायचे, उठून पुन्हा आपटायचे. मी म्हटलं, काका, सूटकेस टाका. ते म्हणाले, रिकामी आहे रे. जाग आली तेव्हा माझा गाल भिंतीला टेकलेला होता आणि त्याला चुना लागला होता.

अकरावा दिवस मंगळवारी येत होता. काकांनी त्या दिवशी खोलीत असायला हवं हे मी ठरवून टाकलं होतं. पण काका आता बाहेरचे होते. सोमवारी सकाळी मी गेटवाल्या दादांकडे गेलो. वीस वर्षं ते त्याच खिडकीत बसत होते आणि खिडकी त्यांच्या मापाची झाली होती. त्यांनी सगळे रस्ते सांगितले आणि सगळे बंद केले. पाहुण्यांच्या पासाला वरच्यांची सही लागते, आणि वरचे मोठे साहेब आमच्या खोलीचं नाव काढलं की बैठकीला जातात. सल्लागाराच्या पासाला तीन महिने. नातेवाइकांना प्रवेशच नाही.

"ते नातेवाईक नाहीत, काका आहेत," मी म्हटलं.

"माझ्याकडे त्यासाठी रकाना नाही."

मग त्यांनी खिडकीतून थोडं बाहेर वाकून आजूबाजूला बघितलं आणि हळूच एक निळं पुस्तक काढलं. तो परत करायच्या मालाचा पास होता. दुरुस्तीला किंवा तपासणीला एखादी वस्तू आत आणायची आणि त्याच दिवशी बाहेर न्यायची, तर हा पास. त्यावर विभागप्रमुखाची सही पुरते. विभागप्रमुख मीच होतो. माल म्हणजे काय, याची व्याख्या नियमांत कुठे दिलेली नाही, असं दादा म्हणाले, आणि हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, एका कावळ्याकडे बघत होते.

मंगळवारी काका धुतलेला सदरा घालून आले. काकू सोबत होती. दादांनी पास भरायला घेतला.

"वस्तूचं वर्णन?"

"काका," मी म्हटलं.

"नग?"

"एक."

"स्थिती?"

मी काकूकडे बघितलं. ती म्हणाली, "जुनी, पण चालू लिहा."

दादांनी लिहिलं. मग विचारलं, नाजूक आहे का, नाजूक मालाला वेगळा शिक्का असतो. काकूने काकांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली, तेव्हा त्यांनी दोन्ही शिक्के मारले.

दाराशी मी काट्याकडे बघितलंही नाही. काकांचा दंड धरला आणि त्यांना आत ढकललं. मग बाहेरचं दार लागेपर्यंत थांबलो.

पंप हं म्हणत होते. काका पहिल्या नळीपासून चालत निघाले, प्रत्येकीपाशी थोडं थांबत, मान किंचित वाकवून. चौसष्टाव्या नळीपाशी त्यांना पोचायला अर्धा तास लागला. तिथे मावशींची कुपी जोडलेली होती, अंगठ्याएवढी. मावशी बाजूला ज्योत पेटवून तयार. काकांनी शेवटचा खटका स्वतः फिरवला. काहीच दिसलं नाही. रिकामी कुपी भरलेली झाली आणि दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मावशींनी कुपीची मान वितळवून ती बंद केली. एक दुसरी कुपी त्याच वायूने भरून तपासणीसाठी शेजारच्या इमारतीत पाठवली. तिथे एक यंत्र आहे. ते कणांना वळणावरून भरधाव पळवतं आणि कोण किती बाहेर फेकला जातो ते मोजतं. जडाला वळण घेताना जास्त त्रास होतो.

आम्ही वाट बघत बसलो. मावशींनी विद्युत ठिणगीच्या तारा कुपीला लावल्या आणि ती पेटली. लाल. काकांनी ती डोळ्यांजवळ धरली. दुकानाच्या पाटीसारखाच लाल होता तो, उजेड बघून काही ओळखता येत नव्हतं. एकतीस वर्षांनी हातात आलेली गोष्ट नेहमीच्या गोष्टीसारखीच दिसत होती. काका मात्र ती फिरवून फिरवून बघत होते आणि त्यांच्या चष्म्यात दोन छोटे लाल दिवे फिरत होते.

चार वाजता फोन वाजला. मी घेतला आणि काकांना दिला. शेजारच्या इमारतीतल्या माणसाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"नव्व्याण्णव पूर्णांक दोन, साहेब."

काकांनी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. मग म्हणाले, "आणि बाकीचे?"

"बाकीचे म्हणजे?"

"शंभरातले उरलेले. पाऊण-एक."

"ते जड आहेत, साहेब. बहुतेक सगळे बावीसवाले."

"चौसष्ट भिंती ओलांडून आले ते?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. तो माणूस हुशार असावा. "आले खरे," तो म्हणाला.

काकांनी फोन ठेवला. मग त्यांनी कुपी पुन्हा डोळ्यांजवळ धरली. शहाण्णवच्या वेळी शंभरात चार जड होते, त्याआधी सहा, आणि दर वेळी काकांनी त्या आकड्याखाली लाल रेघ मारली होती. वही माझ्यासमोर उघडी होती. मी लाल पेन त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"एवढ्या लांब चुकून कुणी येत नसतं," ते म्हणाले.

मावशींनी ज्योत विझवली. कुपी कापसात गुंडाळून खोक्यात गेली, खोक्यावर मोजमाप कार्यालयाचा पत्ता होता. आकड्याच्या रकान्यात काकांनी नव्व्याण्णव पूर्णांक दोन लिहिलं आणि खाली, कुणी विचारलेलं नसताना, पाऊण टक्का जड, असंही लिहिलं. मग ते उठले आणि मला म्हणाले, पंप बंद कर.

नळ्यांत अजून पुष्कळ वायू होता, सत्तावीस आणि अकरा दिवस निवडलेला. मी म्हटलं, ठेवू या का, पुढच्या फेरीला उपयोगी पडेल. काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुढच्या टोकाकडून खटके उघडायला घेतले, मी मागच्या टोकाकडून पंप बंद करत निघालो. एकेक हं गळत गेलं. शेवटचा पंप थांबला तेव्हा खोली इतकी शांत झाली की मावशींच्या बांगड्या ऐकू आल्या.

आता आत काय होत असेल, मी विचारलं.

"भेटत असतील," काका म्हणाले.

आम्ही तिघं स्टुलांवर बसलो. नळ्या पांढऱ्या होत्या, काचा काचेच्या होत्या, काहीच हलत नव्हतं. ऊन तिसाव्या नळीवर होतं. काकांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि सात-आठ मिनिटं मोजायला सुरुवात केली.